मॅनेजरचा बोनस प्लॅन आणि करार बनवून घेतला, दोन ठिकाणी पैसे घातले, त्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काही एचआरवाला नाही आणि वकील तर अजिबात नाही. नाशिकमध्ये आमचं पेंट आणि हार्डवेअरचं दुकान, वडिलांच्या वेळचं, आणि गेल्या काही वर्षांत सिन्नर आणि ओझरला एकेक शाखा टाकली. तिन्ही मिळून २३ माणसं. शाखा म्हणलं की मॅनेजर आला आणि मॅनेजर आला की त्याला पगारावर काय द्यायचं हा प्रश्न आला. यासाठी मी दोन वेगवेगळ्या सर्व्हिस घेतल्या. एक ऑनलाइन, ४,९९९ रुपयेवाली, आणि दुसरी एका रिटायर्ड मॅडमची, ३५ हजारवाली. नावं दोघांचीही देत नाही, पहिल्यांची देऊन भांडण नको आणि मॅडमनी स्वतःच सांगितलंय की आता नवीन काम जास्त घेत नाही.

त्याआधी माझी स्वतःची स्कीम होती ती ऐका, कारण ती वाचली नाही तर पुढचं कळणार नाही. पगार २८ हजार, आणि महिन्याला १२ लाखांच्या वर जो सेल होईल त्यावर २ टक्के. एका कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, सही वगैरे काही नाही. मला वाटलं याच्याहून सरळ काय असणार. दोन वर्षं मस्त चाललं असं मला वाटत होतं. मग २०२४ च्या मार्चला सिन्नरचा सेल एकदम १९ लाख ६० हजार. मी खूश, घरी पेढे नेले. एप्रिलला सेल ६ लाख ८० हजार. म्हणलं अरे उन्हाळ्यात तर कलरचं काम जोरात असतं, हे काय झालं. संगणकावर बिलं काढून बघत बसलो रात्री. ३१ मार्चला संध्याकाळी साडेसातला एका कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने २ लाख ४० हजारांचं बिल, एक्स्टिरियर इमल्शनच्या २० लिटरच्या बादल्या, पुट्टीच्या गोण्या, आणि ४ एप्रिलला तेच बिल रिटर्न. माल गोडाऊनमधून हललाच नव्हता, बादल्यांवर धूळ होती तशीच होती. अशी आणखी पाच-सहा बिलं. काहींचा माल गेला होता पण उधारीत, एप्रिलची गिऱ्हाइकं मार्चमध्ये ओढून.

आता हिशोब बघा. दोन्ही महिने मिळून सेल २६ लाख ४०, म्हणजे सरासरी १३ लाख २०. सरळ मार्गाने त्याला दोन महिन्यांचे मिळून ४,८०० मिळाले असते. ढकलाढकली करून एका मार्चमध्ये मिळाले १५,२००. आणि शाखेची उधारी वर्षात ६ लाखांवरून १९ लाखांवर गेली होती ती वेगळीच. त्याला बोलावलं तर तो खाली मान घालून उभा, पण एक वाक्य बोलला ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. "शेठ, तुम्ही सेल मागितला, मी सेल दिला. वसुली मागितलीच कुठे."

राग आला होता पण खोटं नव्हतं ना ते. माणूस वाईट नाही, आठ वर्षं आमच्याकडे आहे, गल्ल्यातला रुपया इकडचा तिकडे नाही. चिठ्ठीत जे लिहिलं होतं ते त्याने केलं.

मग मी पहिली सर्व्हिस घेतली. वेबसाइट झक्कास, फॉर्म भरा, धंद्याचा प्रकार निवडा, ४,९९९ भरा, ४८ तासांत एम्प्लॉयमेंट अ‍ॅग्रीमेंट आणि परफॉर्मन्स बोनस पॉलिसी मेलवर. आली खरी, ते मान्य, ४८ तासांच्या आतच आली. ४२ पानं. इंग्रजी. पान ३१ वर लिहिलंय की या करारास डेलावेअर राज्याचे कायदे लागू राहतील. डेलावेअर! सिन्नरचा मॅनेजर आणि नाशिकचा मालक डेलावेअरला जाणार भांडायला. कुणीतरी अमेरिकन कागद घेतलाय आणि नावं बदलायची राहून गेलीयेत. पुढे एक कलम की नोकरी सोडल्यावर दोन वर्षं जिल्ह्यात पेंटच्या धंद्यात काम करायचं नाही. हे वाचून मला आधी बरं वाटलं होतं, खरं सांगतो. नंतर मॅडमनी सांगितलं की १८७२ च्या इंडियन कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम २७ असल्या अटीला उभंच करत नाही, नोकरीत असेपर्यंत दुसरीकडे काम करू नको म्हणता येतं, सोडल्यावर पोटापाण्याचा धंदा बंद कर असं म्हणता येत नाही. म्हणजे नुसतं घाबरवायला कागदावर ठेवायचं.

बोनसचं तर विचारू नका. त्यांच्या पॉलिसीत १८ लाख सेल झाला की सरसकट १५ हजार, आणि १७ लाख ९९ हजार झाला तर शून्य. म्हणजे माझ्या चिठ्ठीत जी भानगड होती ती यांनी दुप्पट करून दिली. महिन्याच्या २५ तारखेला ज्याला कळलं की १८ होत नाही तो उरलेले पाच दिवस दुकानात माशा मारणार आणि बिलं पुढच्या महिन्यात ढकलणार, आणि ज्याला कळलं की थोडक्यात राहतंय तो समोर दिसेल त्याला उधारीत माल देणार. सपोर्टला फोन केला तर म्हणे कस्टमायझेशनचे वेगळे पैसे. रेटिंग ५ पैकी १, तो एक पण वेळेवर दिलं म्हणून.

दुसरी सर्व्हिस. आमच्या सीएने सांगितलं की अंबड एमआयडीसीत एका कंपनीत पंचवीस वर्षं पर्सोनेल सांभाळलेल्या एक मॅडम आहेत, त्या छोट्या धंदेवाल्यांना करून देतात. गेलो. पहिली गोष्ट मला आवडली ती त्यांची स्वतःची फी. ३५ हजार, जीएसटी नाही कारण टर्नओव्हर २० लाखांच्या खाली. १५ आधी, १० सह्या झाल्यावर, आणि शेवटचे १० वर्षभराने, तेही बोनसच्या हिशोबावरून वाद झाला नाही तरच. मी गमतीत म्हणलं, "मग मॅडम, मी मुद्दाम भांडण काढलं तर माझे दहा हजार वाचले की." त्या चहा ओतत होत्या, मानही वर केली नाही. "म्हणूनच वाद झाला नाही अशी सही मॅनेजरची लागेल, तुमची नाही." तिथेच मला कळलं की बाईंना काम येतं.

पहिल्या मीटिंगला दोन तास त्यांनी कागद काढलाच नाही, नुसते प्रश्न. रेट कोण ठरवतं? डिस्काउंट कोण देतं? उधारी कोणाच्या शब्दावर जाते? पावसाळ्यात काय होतं? शेड मिक्सिंगचं मशीन कोण साफ करतं? मला वाटलं काय टाइमपास चाललाय. मग त्यांनी विचारलं, तुमच्या घरची शेती आहे का. म्हणलं निफाडला होती, आजोबा खंडाने द्यायचे, म्हणजे वर्षाची रक्कम आधीच ठरवून, कधी निम्म्या वाट्याने. त्या म्हणल्या मग तुम्हाला सगळं येतंच आहे. रोजंदारीवर माणूस लावला तर पाऊस पडो न पडो त्याची मजुरी पक्की, पण तुम्हाला बांधावर उभं राहायला लागतं. खंडाने दिली तर बांधावर जायची गरज नाही, तो जीव तोडून करणार, पण दुष्काळ पडला तर तो एकटा मरतो. वाट्याने दिली तर दुष्काळही अर्धा अर्धा आणि मेहनतही थोडी कमी, वर खळ्यावर लक्ष ठेवायला लागतं. मॅनेजरचा करार म्हणजे या तिघांचं मिश्रण, आता तुम्ही सांगा कुठल्या गोष्टीत तो बांधावर आहे आणि कुठल्या गोष्टीत पावसाच्या हातात.

मी नंतर घरी येऊन थोडं वाचलं, तर याच विषयावर २०१६ चं अर्थशास्त्राचं नोबेल दिलंय, ऑलिव्हर हार्ट आणि बेंट होल्मस्ट्रॉम या दोघांना. होल्मस्ट्रॉमचं म्हणणं साधारण असं की ज्या आकड्यातून माणसाच्या मेहनतीबद्दल काही कळतं त्यावरच पैसे बांधा, नशिबाच्या आकड्यावर नको, आणि एकाच मोजता येणाऱ्या गोष्टीवर जोरात पैसे लावले तर न मोजलेली कामं माणूस सोडून देतो. हार्टचं म्हणणं की करारात सगळं लिहिता येतच नाही, म्हणून न लिहिलेल्या गोष्टीत शेवटचा शब्द कोणाचा ते आधी ठरवा. आणि त्याच वर्षी अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेचं प्रकरण बाहेर आलं, एकेका गिऱ्हाइकाला आठ-आठ प्रॉडक्ट विका म्हणून वरून दट्ट्या, मग स्टाफने लोकांच्या नावाने परस्पर खाती उघडली, साडेअठरा कोटी डॉलर दंड आणि सुमारे ५,३०० लोकांना घरी पाठवलं. आमच्या ३१ मार्चच्या बादल्याच की त्या, फक्त मोठ्या.

आमच्याच धंद्यात बघा ना, बादलीच्या आत पेंटरसाठी बक्षिसाचं टोकन टाकायची पद्धत किती जुनी आहे, आता क्यूआर स्कॅन करतात. पैसे देतो घरमालक आणि कुठली बादली घ्यायची ते सांगतो पेंटर, कारण टोकन त्याला. आम्ही रोज हे बघतो आणि स्वतःच्या मॅनेजरच्या वेळी मात्र अक्कल चालत नाही.

बरं, प्लॅन काय बनला. सेल हा शब्दच काढून टाकला. बोनस मार्जिनवर, म्हणजे मालावर सुटणाऱ्या नफ्यावर, आणि ते पण हातात आलेल्या मार्जिनवर, म्हणजे बिलाचे पैसे जमा झाले तरच ते मोजायचं, रिटर्न आला की वजा. डिस्काउंट दिलं की मार्जिन आपोआप कमी, त्यामुळे त्यावर वेगळा नियम लागतच नाही. ६ टक्के, पहिल्या रुपयापासून, टार्गेट नाही. मी म्हणलं टार्गेट नाही तर तो पळेल कसा? मॅडम म्हणल्या, टार्गेट ठेवलं तर यंदा त्याने जास्त केलं की पुढच्या वर्षी तुम्ही वाढवणार, हे त्याला तुमच्याआधी कळतं, मग तो बेताबेताने करतो. खरंय, मी नक्की वाढवलं असतं. म्हणून ६ टक्के तीन वर्षं बदलायचे नाहीत असंही लिहून घेतलं माझ्याकडून. हिशोब तिमाहीचा. सिन्नरला तिमाहीत साधारण ३ लाख ६० हजार मार्जिन येतं तर २१,६०० झाले, त्यातले ७० टक्के म्हणजे १५,१२० लगेच, उरलेले ६,४८० पुढच्या तिमाहीपर्यंत थांबवून ठेवायचे, मधे रिटर्न किंवा खोटं बिल निघालं तर त्यातून वजा.

मला आधी दिलेले पैसे परत घ्यायचं कलम हवं होतं. मॅडमचं म्हणणं, खिशात गेलेला पैसा परत काढायला कोर्टाची पायरी चढायला लागते, न दिलेला पैसा थांबवायला फक्त तारीख लागते. रिझर्व्ह बँकेनेही २०१९ च्या नियमांत खाजगी बँकांच्या सीईओ लोकांचा व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा, पगार असाच पुढे ढकलायला सांगितलाय, किमान ६० टक्के आणि कमीत कमी तीन वर्षं. तिथे कोटीत चालतं, आपल्याकडे ६,४८०, तत्त्व एकच.

पावसाळ्यात कलरचं काम बंदच असतं, जुलै ते सप्टेंबर माणूस कितीही पळाला तरी भिंत ओली ती ओलीच. त्या तिमाहीला किमान ८ हजार पक्के. हे मला पटायला वेळ लागला कारण दसरा-दिवाळीला तोच माणूस काही न करता भरपूर कमावतो, पण तिथे ६ टक्के देताना मला चाललं होतं तर इथे का नाही.

कायद्याचं एक सांगतो, खूप जणांची चूक होते. मला वाटायचं प्रत्येक दुकानात सात-आठ माणसं, बोनसचा कायदा वीसला लागतो, म्हणजे आपण सुटलो. तसं नाहीये. १९६५ च्या बोनस कायद्यात शाखांचे वेगळे ताळेबंद नसतील तर सगळं मिळून एकच आस्थापना, म्हणजे आम्ही २३. त्या कायद्याने पगार २१ हजारांपर्यंत होता त्या सगळ्यांना किमान ८.३३ टक्के हक्काचा बोनस, जास्तीत जास्त २० टक्के, वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत. मॅनेजर २८ हजारवाला म्हणून त्यात येत नव्हता, पण काउंटरवरची पोरं येत होती. आम्ही दिवाळीला जे पाकीट द्यायचो ते हिशोबात कमीच पडत होतं काहींना. ते भरून दिलं. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवीन वेतन संहिता लागू झालीय, ८.३३ तेच आहे, पण तुमच्या सीएला विचारून घ्या एकदा.

सह्या २०२४ च्या वसुबारसेला झाल्या, सहा पानं, मराठीत. पंधरा दिवस आधी केलं असतं तर १०० च्या स्टॅम्पवर झालं असतं, त्या ऑक्टोबरमध्येच राज्याने १०० चा ५०० केला, तेवढे चारशे मॅडमच्या उशिरामुळे गेले.

उशीर हीच मॅडमबद्दलची माझी मोठी तक्रार. ऑगस्टला गेलो, तीन आठवडे म्हणल्या होत्या, अडीच महिने लागले. फोन दुपारी १ ते ४ बंद. हिशोबाची एक्सेल शीट इतकी किचकट की माझ्या पुतण्याने नवीन बनवली. मराठी मसुद्याचे ३ हजार वेगळे, हे आधी सांगायला हवं होतं.

आणि एक खरी चूक पण झाली. तिन्ही शाखांत जो पहिला येईल त्याला तिमाहीला ५ हजार असं एक कलम त्यांनी टाकलं होतं, डोकं त्यामागे बरोबर होतं, पाऊस-बाजार सगळ्यांना सारखा, मग एकमेकांशी तुलना केली की नशीब बाजूला पडतं. पण जानेवारीत काय झालं, सिन्नरला एका बंगल्याचं काम, डीप बेसची, म्हणजे गडद शेडला लागणाऱ्या बेसची, २० लिटरची एक बादली कमी, ओझरला पडून होती. फोन केला तर ओझरवाला म्हणे "माझी बुक आहे". कोणाचीच बुक नव्हती. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात गेलं, नुसती बादली नाही, अख्खा बंगला गेला. पाच हजारांच्या बक्षिसापायी दोघं एकाच मालकाचे मॅनेजर एकमेकांना पाण्यात बघायला लागले. मॅडमना सांगितलं, त्यांनी चूक लगेच कबूल केली, ते कलम काढलं, त्याऐवजी माल ट्रान्सफर केला तर त्याचं मार्जिन दोन्ही शाखांत निम्मं-निम्मं. पैसे नाही घेतले, पण या एका पानाला चार आठवडे.

त्या ५ हजारांचं पुढे असं केलं की तिमाहीला ५ हजारांपर्यंत मालकाच्या मर्जीने, मशीन स्वच्छ ठेवलं, तक्रारीला स्वतः साइटवर गेला, नवीन पोराला शिकवलं असल्या गोष्टींसाठी. पण दिले तरी आणि नाही दिले तरी कारण दोन ओळीत लिहून द्यायचं. हे लिहायला मला भयंकर कंटाळा येतो. पण "का रे बाबा हजारच" हा प्रश्न मिटतो.

सगळ्यात जास्त भांडलो मी उधारीच्या कलमावरून. ६० दिवसांच्या वरची उधारी बोनसच्या हिशोबातून वजा, याला मी लगेच हो म्हणलं. एका पार्टीला २५ हजारांपर्यंत मॅनेजर स्वतः देऊ शकतो, वरच्याला माझी परवानगी, हेही ठीक. मग मॅडमनी १९ लाखांच्या उधारीची यादी मागवली आणि लाल पेनाने गोल करायला लागल्या. सिन्नरच्या मॅनेजरला शेजारी बसवलं होतं. एकेक नाव वाचायचं आणि त्याने सांगायचं कोणाच्या शब्दावर. जवळजवळ सात लाख माझ्या शब्दावर निघाले. मित्र, नातेवाईक, एक माजी सरपंच, मेव्हण्याचं घर. मी फोनवर म्हणायचो दे रे, आपला माणूस आहे. तो द्यायचा. ती पंधरा मिनिटं मी खोलीत नुसतं पाणी पीत होतो. कलम असं झालं की मालकाने सांगितलेली उधारी मॅनेजरच्या बोनसमधून कापायची नाही, आणि मालकाने सांगितलं हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी पाहिजे, फोन चालणार नाही. मी म्हणलं माझ्या दुकानात मी लेखी द्यायचं? मॅडम म्हणल्या, हो.

दीड वर्ष होत आलं. सिन्नरची उधारी १९ वरून ८ लाखांवर आलीय, त्यातली निम्मी जुनी माझीच. महिन्याचा सेल आधीच्यापेक्षा थोडा कमी दिसतो, मार्जिन जास्त. ३१ मार्च २०२५ ला रात्री मुद्दाम बिलं बघितली, सवय. शेवटचं बिल ब्रश आणि सँडपेपरचं, ३४० रुपये रोख. ऑक्टोबरला मॅडमना शेवटचे १० हजार दिले, मॅनेजरच्या सहीने. रेटिंग ५ पैकी ४, वेळ पाळली असती तर साडेचार दिले असते. ज्यांची एकच शाखा आहे आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो त्यांनी यात पैसे घालू नका, तुम्ही बांधावरच आहात. दोन-तीन शाखा असतील तर घाला.

गेल्या दिवाळीच्या दोन आठवडे आधी मेव्हण्याचा फोन, वरच्या मजल्याला कलर काढायचाय, ४५ हजारांचा माल, पैसे दिवाळीनंतर बघू. मी सवयीने सिन्नरला फोन लावला, म्हणलं दे रे, घरचंच आहे. पलीकडे दोन सेकंद शांत.

"देतो ना शेठ. तेवढं व्हॉट्सअ‍ॅपवर टाका."